न झिजणाऱ्या यंत्राचं म्हातारपण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात यंत्राचं आयुष्य मोजायची एक साधी रीत आहे. जोवर ते मेस्त्रीच्या हाताचं ऐकतं, तोवर ते जिवंत. चाळीस-पन्नास वर्षांच्या लेथचं इथं कुणाला नवल वाटत नाही. बेअरिंग गेलं तर बदलायचं, बेड झिजला तर स्क्रेपिंग करून घ्यायचं, गिअरचा दात मोडला तर नवा गिअर पाडून घ्यायचा. मूळ कंपनी बुडाली, सुटे भाग बाजारातून गेले, तरी काम अडत नाही. सुटा भाग म्हणजे शेवटी धातू, आणि धातूला आकार देणं हाच या गावाचा धंदा. इथं जो भाग विकत मिळत नाही तो ओतून मिळतो.

अशा गावाला 'सपोर्ट संपला' हे दोन शब्द पटवून द्यायला बसणं म्हणजे कठीणच काम. सीएनसी मशीनच्या पडद्यावर अजून विंडोज एक्सपी उघडत असतं. सीमेन्सच्या सिन्युमेरिक ८४०डी या गाजलेल्या कंट्रोलच्या पीसीयू-५० भागात आधी विंडोज एनटी आणि नंतर एक्सपी असायचं. ते मशीन आजही मायक्रॉनच्या हिशेबात जॉब काढतं. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "चालतंय की. चालत्या मशीनला कशाला हात लावायचा?"

या उत्तरात चूक कुठे आहे ते शोधायला गेलं की एक फार विलक्षण गोष्ट हाती लागते. लेथ झिजतो, सॉफ्टवेअर झिजत नाही. २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेल्या एक्सपीची सीडी आज उघडली तर त्यातलं एकही अक्षर जुनं झालेलं नसतं. शून्य आणि एकची तीच रांग, त्याच क्रमानं. तिला गंज नाही, तिचं वंगण संपत नाही. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट थांबवला. ७ तारखेच्या संध्याकाळी चाललेला कॉम्प्युटर ९ तारखेच्या सकाळी तेवढाच चांगला आणि तेवढाच सदोष होता. तरीही त्या दिवसापासून तो रोज थोडा थोडा दुबळा होत गेला. आत काहीही न बदलता! बदल होत होता तो बाहेर: त्याच्यातल्या दोषांविषयी जगाला असलेली माहिती वाढत होती, आणि ते दोष बुजवणारा हात आखडला गेला होता.

हे दोष आत येतात तरी कसे? कोट्यवधी ओळींच्या प्रोग्रॅममध्ये चुका राहणार, एवढं सांगून भागवता येईल. पण एका चुकीकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण तिनं २०१७ साली अर्ध्या जगाला घाम फोडला आणि ती मुळात एका बेरीज-वजाबाकीच्या हिशेबाएवढी किरकोळ होती.

आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८७ साली ओएस/२ नावाची एक प्रणाली बाजारात आणली होती. पुढे दोघांचं फाटलं, ओएस/२ मागे पडली, पण तिच्या पद्धतीनं लिहिलेल्या फायली नेटवर्कवरून आल्या तर विंडोजला त्या समजाव्यात म्हणून काही ओळी विंडोजमध्ये राहून गेल्या. फाइलबरोबर तिची जादा माहिती एका यादीच्या रूपात येते. ती यादी ओएस/२ च्या साच्यातून विंडोजच्या साच्यात बसवायची. त्याआधी यादीची लांबी मोजायची, शेवटचा निरुपयोगी भाग सोडायचा आणि नवी, कमी झालेली लांबी परत नोंदवायची. इथंच गडबड झाली.

गुळाच्या अडत दुकानातली वही डोळ्यासमोर आणा. रकमेसाठी पाच चौकटी आहेत आणि त्यात १०,००० लिहिलेले आहेत. पडताळणीत ६३ कमी भरले, म्हणजे आता ९,९३७ लिहायचे. दिवाणजीनं शेवटच्या चारच चौकटी खोडून तिथं ९९३७ लिहिलं आणि पहिल्या चौकटीतल्या १ कडे त्याचं लक्षच गेलं नाही. रक्कम घटवायला गेला आणि वहीत १९,९३७ झाले! विंडोजनं नेमकं हेच केलं. लांबीचा आकडा ३२ बिटांचा होता, दुरुस्ती मात्र खालच्या १६ बिटांतच लिहिली गेली. हल्लेखोरानं मुद्दाम ६५,५३६ लांबीची यादी पाठवली. ती घटून ६५,३७३ व्हायला हवी होती, ती झाली १,३०,९०९. पुढच्या टप्प्यात जागा राखली गेली ती खऱ्या, लहान मापाची, आणि त्यात माल ओतला गेला तो वाढलेल्या मापाचा. उतू गेलेला भाग शेजारच्या मेमरीत सांडला. काय सांडायचं हे पाठवणाऱ्याच्या हातात होतं, त्यामुळे त्यानं तिथं स्वतःचे हुकूम सांडले, आणि कॉम्प्युटरनं ते पाळले. पासवर्ड नाही, कुणी काही क्लिक केलेलं नाही, पडद्यावर चिन्ह नाही.

ही चूक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधी सापडली. तिनं तिच्यापासून एक हत्यार बनवलं, त्याचं नाव इटर्नलब्लू, आणि ते गुपचूप जवळ ठेवलं. मायक्रोसॉफ्टनं ती १४ मार्च २०१७ ला बुजवली. त्यानंतर बरोबर महिन्यानं, १४ एप्रिलला, 'शॅडो ब्रोकर्स' म्हणवणाऱ्या टोळीनं ते हत्यार चव्हाट्यावर टाकलं. आणि १२ मे २०१७ ला तेच हत्यार घेऊन वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू आला.

इथं एक क्षण थांबून एक्सपीचा विचार करू. हा दोष एक्सपीत पहिल्या दिवसापासून होता. वर्षानुवर्षं कोट्यवधी टेबलांवर तो बसून होता आणि कुणाच्या बापाला पत्ता नव्हता. मग सगळे म्हणत होते की एक्सपी सुरक्षित आहे, ते खोटं होतं का? माझं उत्तर: एक्सपी कधीच सुरक्षित नव्हती, विंडोज ११ सुद्धा नाही. सुरक्षित असते ती दोष सापडणं आणि दोष बुजणं यांच्यातली शर्यत, जोवर बुजवणारा पुढे आहे तोवर. सपोर्ट संपला म्हणजे एक गडी मैदान सोडून गेला. दुसरा पळतोच आहे.

त्याहून चमत्कारिक भाग पुढचाच. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, जाहीर करते. या मंगळवारी जगभरची दोन प्रकारची माणसं जागी असतात. एक, आपले कॉम्प्युटर दुरुस्त करणारी. दुसरी, पॅच उघडून वाचणारी. दुरुस्तीआधीची फाइल आणि दुरुस्तीनंतरची फाइल शेजारी शेजारी ठेवायची आणि फरक काढायचा, त्यासाठी तयार साधनं आहेत. हजारो सारख्या ओळींत चार ओळी बदललेल्या दिसतात. मूळ दोष तिथंच! म्हणजे दुरुस्तीच दोषाचा पत्ता सांगते. ज्यानं पॅच बसवला त्याला या पत्त्यानं काही फरक पडत नाही. पण विंडोजच्या पिढ्या एकमेकींपासून जन्मलेल्या, एक्सपीतल्या कितीतरी ओळी सातमध्ये, दहामध्ये तशाच उतरलेल्या. त्यामुळे धाकट्या भावाचं औषध छापून आलं की थोरल्याच्या दुखण्याचं निदान आपोआप जाहीर होतं, आणि थोरल्याला औषध मिळणार नसतं. जुनी प्रणाली तिच्या स्वतःच्या दोषांमुळे उघडी पडते त्यापेक्षा जास्त तिच्या नव्या भावंडांची काळजी घेतली जाते म्हणून उघडी पडते. हा विचार पहिल्यांदा समजला तेव्हा मला तो बराच वेळ डोक्यातून काढता आला नव्हता.

मे २०१९ मध्ये याचा जाहीर पुरावा मिळाला. दूरच्या कॉम्प्युटरवर बसून काम करायची जी रिमोट डेस्कटॉप सोय असते, तिच्यात 'ब्लूकीप' नावानं ओळखला जाणारा दोष निघाला. तो एक्सपीत होता आणि विंडोज सातमध्येही. विंडोज ८ आणि १० मात्र त्यातून सुटल्या. धोका इतका मोठा वाटला की सपोर्ट संपून पाच वर्षं झालेल्या एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टनं पॅच काढला. लोकांनी त्याला उदारपणा म्हटलं. मला ती कबुली वाटते: तुमच्या घरातला जुना कॉम्प्युटर फक्त तुमचा प्रश्न नसतो. तो पडला तर शेजाऱ्यावर पडतो.

"पण आमच्याकडे कोण येतंय? राजारामपुरीच्या आठव्या गल्लीतला कॉम्प्युटर, त्यात बिलं आणि लग्नपत्रिका." हा युक्तिवाद माणसांच्या जगात बरोबर आहे. चोर बंगला बघून येतो. इंटरनेटवर तसं नाही, कारण तिथं कुणी निवडतच नाही. इंटरनेटच्या जुन्या पत्ता-पद्धतीत एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते मावतात. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्रॅम लिहिला. चांगली जोडणी असलेला एकच साधा कॉम्प्युटर त्याच्या मदतीनं यातल्या प्रत्येक सार्वजनिक पत्त्यावर पाऊण तासाच्या आत एकदा टकटक करू शकतो. साऱ्या जगाची दारं, पाऊण तास! सगळीकडे टकटक करणं एवढं स्वस्त असेल तर कोल्हापूर काय आणि कॅलिफोर्निया काय. त्याच्याही आधी, २००४ साली, सॅन्स या संस्थेच्या निरीक्षकांनी मोजून पाहिलं होतं की दुरुस्त्या न बसवलेला विंडोज कॉम्प्युटर थेट इंटरनेटला जोडला तर सरासरी वीस मिनिटांत त्याच्यावर घाला पडतो. नव्या कॉम्प्युटरवर दुरुस्त्या उतरवून घ्यायलाच त्या काळी त्याहून जास्त वेळ लागत होता.

आता घरोघरी राउटर आहेत, ते बरंचसं अडवतात. म्हणून एखाद्याची एक्सपी वर्षानुवर्षं धडधाकट दिसते हे खरं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

मग इंटरनेटला जोडलाच नाही तर? उद्यमनगरात बहुतेक जुनी मशीनं तशीच असतात. प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून येतो, चालतो, पेन ड्राइव्ह खिशात परत. या निश्चिंतपणाला २०१० साली जो तडा गेला तो सांगायलाच हवा. इराणच्या नतान्झमधल्या अणुकेंद्रासाठी स्टक्सनेट हा विषाणू बनवला गेला होता. ते केंद्र इंटरनेटपासून तोडलेलं होतं, म्हणून विषाणू पेन ड्राइव्हवर बसून जायचा. त्यानं वापरलेला दोष विंडोजच्या शॉर्टकट चिन्हांत होता. पेन ड्राइव्ह लावून फोल्डर उघडलं, चिन्हं नुसती दिसली, तेवढ्यानं काम झालं. फाइलवर क्लिक करायची गरजच नाही. चिन्ह रंगवण्यासाठी विंडोज ज्या फाइलकडे बघायला जाई, तीच फाइल चालू होई.

हा दोष जुलै २०१० मध्ये जगजाहीर झाला आणि २ ऑगस्टला त्याचा पॅच निघाला. पण एक्सपीच्या सर्व्हिस पॅक दोन या आवृत्तीचा सपोर्ट १३ जुलैला, म्हणजे तीनच आठवडे आधी, संपला होता. तिला पॅच मिळाला नाही. तीन आठवड्यांनी हुकलं. स्टक्सनेट इराणपुरता राहिला नाही, हेही सांगितलं पाहिजे. सिमँटेकनं लागण झालेल्या कॉम्प्युटरांची देशवार मोजदाद केली तेव्हा इराण आणि इंडोनेशियामागोमाग तिसरा नंबर भारताचा होता. आपल्याकडच्या कारखान्यांत पेन ड्राइव्ह हातोहात किती फिरतात हे ज्यानं पाहिलंय त्याला या नंबरचं आश्चर्य वाटणार नाही.

वॉनाक्रायकडे परत येऊ, कारण त्यात एक गंमत आहे जी एरवी सांगितली जात नाही. तो पसरला तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं एक्सपीकडे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतले दवाखाने बंद पडले, जुन्या प्रणाली वापरल्यामुळे असं झालं अशी ओरड झाली. नंतर कॅस्परस्की कंपनीनं मोजलं तर लागण झालेल्यांत जवळजवळ सगळे विंडोज सातवाले होते. एक्सपी नगण्य! प्रयोगशाळेत एक्सपीवर तो हल्ला करून पाहिला तेव्हा बहुतेक वेळा ती सरळ निळा पडदा दाखवून कोसळत होती. विषाणू आत बसण्याआधीच यजमान बेशुद्ध. म्हातारपणानं वाचवलं म्हणा.

पण सातवाल्यांचं काय झालं? २०१७ साली विंडोज सातला सपोर्ट होता. पॅच येऊन ५९ दिवस झाले होते. तो बसवलेला नव्हता, एवढंच. त्यामुळे 'सपोर्ट असलेलं म्हणजे सुरक्षित' हे सोपं वाक्य मी लिहिणार नाही. सपोर्ट असलेल्या कॉम्प्युटरवाल्याला निदान आळस करण्याची मुभा असते, चूक उमगल्यावर दुरुस्ती हाताशी असते. सपोर्ट संपलेल्याला ती नसते. त्या वेळी मायक्रोसॉफ्टनं एक्सपीसाठीही घाईघाईनं पॅच फुकट दिला, आणि त्यावरच्या डिजिटल सहीची तारीख निघाली फेब्रुवारी २०१७. म्हणजे पॅच तयार होता. जादा पैसे भरून जुन्या प्रणालीचा सपोर्ट चालू ठेवणाऱ्या मोठ्या ग्राहकांसाठी तो केला होता. ब्रिटन सरकारनं २०१४ साली एक्सपीच्या एका वर्षाच्या जादा सपोर्टसाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले होते. तेव्हा 'सपोर्ट संपला' याचा काटेकोर अर्थ 'तुमच्यासाठी संपला' असाही होतो.

वॉनाक्रायनंतर दीड महिन्यानं, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या हा विषाणू आला, आणि तो महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागला. युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला. इटर्नलब्लू त्याच्याकडे होतंच, शिवाय एका कॉम्प्युटरच्या मेमरीतून पासवर्ड उचलून दुसऱ्यात शिरायची युक्तीही होती. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरच्या रांगा लागल्या. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले. युक्रेनच्या करभरणीचं सॉफ्टवेअर आणि उरणजवळचा कंटेनर यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे त्या आठवड्यात आपल्याकडच्या निर्यातदारांना पहिल्यांदा कळलं.

आता एटीएम. तुम्ही ज्याच्यासमोर उभे राहता ती तिजोरी असते, आणि तिच्या डोक्यावर एक साधा पीसी बसवलेला असतो. कार्ड वाचणं, आकडे घेणं, नोटा मोजणाऱ्या भागाला हुकूम देणं हे तो पीसी करतो. भारतातल्या कितीतरी एटीएमच्या त्या पीसीवर एक्सपी होती, २०१४ नंतरही. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१७ मध्ये बँकांना याविषयी टोकलं. बँका हलल्या नाहीत, किंवा पुरेशा हलल्या नाहीत. मग २१ जून २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं तारखा घालून परिपत्रक काढलं: ऑगस्ट २०१८ पर्यंत बायोस पासवर्ड, यूएसबी पोर्ट बंद, असल्या प्राथमिक गोष्टी; सप्टेंबरपर्यंत किमान २५ टक्के एटीएमवर सपोर्ट असलेली प्रणाली, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सगळी. सपोर्ट संपल्यापासून पाच वर्षांहून जास्त. यंत्रणेची गती ही अशी असते.

त्या परिपत्रकाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, शनिवारी ११ ऑगस्ट २०१८ ला, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. १९०६ साली स्थापन झालेली जुनी, नावाजलेली बँक. बनावट कार्डं घेऊन माणसं २८ देशांत एटीएमसमोर उभी राहिली आणि काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढून घेतले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले, आणि ज्या शहरांतून ते गेले त्यात मुंबई, इंदूर यांच्याबरोबर कोल्हापूर होतं. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेमार्गे हाँगकाँगला आणखी जवळपास १४ कोटी पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

कोल्हापूरच्या एटीएमची यात काय चूक होती? काहीही नाही, आणि तोच या प्रकरणातला विस्मयकारक भाग आहे. एटीएम स्वतः काहीच ठरवत नाही. ते एक संदेश पाठवतं: अमुक कार्ड, अमुक रक्कम, देऊ का? हा संदेश आयएसओ ८५८३ या जगन्मान्य साच्यात असतो आणि त्याचा क्रमांक ०२००. तो बँकेच्या 'स्विच' नावाच्या सर्व्हरकडे जातो, स्विच खात्यांच्या मुख्य यंत्रणेला विचारतो, आणि उत्तर ०२१० क्रमांकानं परत येतं. त्या उत्तरात दोन आकड्यांची एक जागा असते. तिथं दोन शून्यं असली की व्यवहार मंजूर, आणि नोटा बाहेर. कॉसमॉसमध्ये चोरांनी खऱ्या स्विचला बाजूला सारून मध्ये आपला खोटा स्विच बसवला. तो मुख्य यंत्रणेला विचारतच नव्हता, सगळ्यांना परस्पर दोन शून्यं पाठवत होता. खात्यात किती शिल्लक आहे हा प्रश्नच कुणी विचारला नाही. कोल्हापुरातलं एटीएम आपलं काम चोख करत होतं.

यानंतर २ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेच्या सरकारी सायबर यंत्रणांनी 'फास्टकॅश' नावाच्या मोहिमेविषयी एक जाहीर इशारा काढला. उत्तर कोरियाशी जोडलेल्या टोळीनं आफ्रिका आणि आशियातल्या बँकांच्या स्विचमध्ये शिरून अशाच खोट्या मंजुऱ्या दिल्याचं त्यात आहे. कॉसमॉसचं नाव त्यात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं मात्र २०१९ च्या अहवालात कॉसमॉसची चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. त्या अमेरिकी इशाऱ्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय, कारण ते आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. त्याचा आशय असा: ज्या स्विच सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली ते सगळेच्या सगळे आयबीएमच्या एआयएक्स या प्रणालीच्या सपोर्ट संपलेल्या आवृत्त्यांवर चालत होते, मात्र हल्लेखोरांनी एआयएक्समधला एखादा दोष वापरल्याचा पुरावा नाही.

सगळेच जुने, पण जुनेपणा वापरला गेल्याचा पुरावा नाही! तपास करणाऱ्यांचा अंदाज होता की चोर आत आले ते साध्या ईमेलमधून, कर्मचाऱ्यांच्या विंडोज कॉम्प्युटरवरून. मग एआयएक्सच्या तारखेला महत्त्व का द्यावं? मला वाटतं, जिथं पैशाचा होकार-नकार ठरतो त्या सर्व्हरची आवृत्ती किती जुनी आहे हे ज्या बँकेत कुणी बघत नाही, तिथं रात्री त्या सर्व्हरवर कोण लॉगिन होतंय हेही कुणी बघत नसण्याची शक्यता मोठी. जुनी आवृत्ती हे तिथं कारण नसेल, पण लक्षण नक्की होतं. कॉसमॉस प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं, ते सगळे इथले, कार्डं घेऊन एटीएमसमोर उभे राहिलेल्या साखळीतले. खोटा स्विच लिहिणारे हात अर्थातच त्या कठड्यात नव्हते.

एवढं ऐकून झाल्यावरही कोल्हापुरातला छापखानेवाला एक्सपी सोडणार नाही, आणि मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. त्याची अडचण खास मराठी आहे. युनिकोड रुळण्याआधी आपलं सगळं डीटीपी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉन्टांवर उभं राहिलं. त्यातली श्रीलिपी आणि आयएसएम पुण्यातच बनलेली, या साधनांच्या कीबोर्डवर बोटं बसलेली, आणि मांडणीसाठी पेजमेकर. अडोबीनं पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सात, २००१ साली काढली आणि मग तो धंदा सोडून दिला. कॉम्प्युटरच्या मागे सॉफ्टवेअरच्या परवान्याचं डोंगल लावलेलं, तेही जुन्या प्रिंटर पोर्टाचं असेल तर नव्या मशीनला तसलं पोर्टच नसतं. वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक त्या फायलींत अडकलेले. त्या नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कंस आणि टिंबांचा खच पडतो. सीएनसीवाल्याचं दुखणंही याच जातीचं: प्रणाली बदलायची तर कंट्रोल बदलायचा, आणि कंट्रोलची किंमत ऐकून माणूस चहा मागवतो.

अशांनी करायचं ते फारसं अवघड नाही. जुना कॉम्प्युटर इंटरनेटवरून आणि दुकानातल्या इतर कॉम्प्युटरांच्या जाळ्यातूनही काढायचा. नुसतं वायफाय बंद करून भागत नाही, तारही काढायची. त्याच्यासाठी एकच वेगळा पेन ड्राइव्ह ठेवायचा आणि तो आधी नव्या कॉम्प्युटरवर तपासायचा. बँक, जीएसटी, ईमेल यांपैकी काहीही त्याच्यावर नाही. तसंही ते आता चालत नाही, क्रोमनं एक्सपीला २०१६ सालीच निरोप दिला आणि सुरक्षित वेबसाइटांची आजची सांकेतिक भाषा तिला येत नाही. डोंगलची अडचण नसेल तर अख्खी एक्सपी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात, व्हर्च्युअल मशीन म्हणून, ठेवता येते. पेजमेकर आतल्या आत चालतो, बाहेरचं वारं त्याला लागत नाही. आणि कामाच्या फायलींची एक प्रत अशा डिस्कवर, जी एरवी कशालाच जोडलेली नसते.

कोल्हापुरी जुगाडाच्या तोडीची एक युक्तीही या इतिहासात आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुकानांतल्या बिलिंग मशीनसाठी एक्सपीचीच एक वेगळी आवृत्ती होती, पीओएसरेडी २००९, आणि तिचा सपोर्ट एप्रिल २०१९ पर्यंत होता. २०१४ च्या मे महिन्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की साध्या एक्सपीच्या रजिस्ट्रीत एक नोंद घातली की ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला सांगते, मी बिलिंग मशीन आहे. आणि सर्व्हर तिला पॅच द्यायला लागला! मायक्रोसॉफ्टनं हे करू नका म्हणून सांगितलं, पण बऱ्याच एक्सपी पुढची काही वर्षं सोंग घेऊन जगल्या. आता तो मार्गही संपलेला आहे.

एक्सपीची गोष्ट एवढी लांबवली, पण आज खरा आकडा मोठा आहे तो विंडोज दहाचा. २९ जुलै २०१५ ला आलेल्या या प्रणालीचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, संपला. विंडोज ११ बसवायला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर ढोबळमानानं आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी कॉम्प्युटर या अटीत बसत नाहीत. घरगुती वापरासाठी वर्षभराचा जादा सपोर्ट नोंदवता येतो, तो १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा. त्यापुढे लिनक्स बसवणं हा चांगला पर्याय आहे, विशेषतः ज्यांचं काम ब्राउझरमध्येच संपतं त्यांच्यासाठी. जुने लॅपटॉप विकत घेताना मात्र दुकानदार रॅम सांगतो, हार्ड डिस्क सांगतो, स्क्रीनवरचा ओरखडा झाकतो. प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे हे विचारल्याशिवाय सांगत नाही.

तुमच्या टेबलावर काय चाललंय ते बघायला अर्धं मिनिट लागतं. कीबोर्डवरचं विंडोजचं चिन्ह दाबून ठेवा, आर दाबा, उघडलेल्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं टाइप करून एंटर करा. जी छोटी खिडकी येईल तिच्यावर आवृत्ती लिहिलेली असेल. तिथं दहा दिसलं तर सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर जादा सपोर्टच्या नोंदणीचा दुवा आहे का, ते आजच बघून घ्या.